उसना पाय

"ताई, आज हात नका लावू तिथं," बा म्हणाला आणि मी चमकून त्याच्याकडं बघितलं. हात लावा, कुंकू वाहा, पाय धरा, असं म्हणतच तर आम्ही गावोगाव फिरत होतो.

समोर गयाबाई उभी होती. दोन सालांमागं याच दारात तिनं आमच्या बैलाच्या, शिद्याच्या, पाचव्या पायाला हळदकुंकू लावून नातू मागितला होता. आता तो नातू तिच्या कडेवर होता, हातात भाकरीचा तुकडा घेऊन, टकमका बैलाकडं बघत.

"का वं? नवस फेडायला नको?"

"महाराजांचा उपास हाय."

"बैलाला उपास?"

"सोमवार न्हवं का."

"आज मंगळवार हाय."

"मग कालचा सुटला न्हाई अजून," बा म्हणाला.

बाया हसल्या. बा हसला नाही. एरवी असा टोला बसला की तोच आधी हसायचा, आणि मग सुपातलं धान्य जरा वाढायचं. त्या दिवशी तो शिद्याच्या आणि बायांच्या मधी उभा राहिला होता, शिद्याला पाठ लावून. जसा कुणी घराच्या दारात आडवा उभा राहतो तसा.

ही गोष्ट चार वर्षांमागची. मी तेव्हा पंधराची होते. आम्ही नंदीबैलवाले. बैलाला झूल घालायची, शिंगांना गोंडे बांधायचे, दारोदार नेऊन विचारायचं, पाऊस पडंल का, पोरीचं जमंल का, आणि बैलानं मान हलवायची. आता यात काय गुपित राहिलेलं नाही. ढोलाच्या कातड्यावर वाकडी काडी घासली, गुबू-गुबू आवाज निघाला, की बैल मान वरखाली करतो. ते 'हो'. कासऱ्याला बारीक हिसका दिला की मान डावीउजवीकडं. ते 'नाही'. वासरू असल्यापासून पेंड चारून चारून शिकवतात. 'हो' ढोलाचं, 'नाही' कासऱ्याचं. पूर्वी माझा चुलता ढोल वाजवायचा आणि बा कासरा धरून प्रश्न विचारायचा. त्या साली चुलता ऊस तोडायला गेला होता, म्हणून बा कासरा मनगटाला गुंडाळून दोन्ही एकटाच करत होता. मी फक्त सूप धरायची. ढोल पोरीच्या हातात द्यायचा नाही, असं आमच्यात होतं. मी पालांच्या मागं चोरून वाजवायची, ते सोडा.

शाळा मी सातवीतच सोडली होती. कुणी काढलं नाही मला. एक पोरगं मी वर्गात आले की गुबू-गुबू आवाज काढायचं. एक दिवस कंपासपेटीनं त्याचा ओठ फोडला. मास्तर म्हणाले, उद्या बापाला घेऊन ये. बाप तेव्हा तीन तालुके लांब. तो उद्या अजून यायचाय.

तर शिद्या. लोकांसमोर शिदोबा महाराज, पालावर शिद्या. त्याच्या वशिंडातून एक पाय निघालेला होता. हातभर लांब, बारीक, खाली करवंटीएवढा खूर. तो हलायचा नाही, जमिनीला टेकायचा नाही, नुसता बाजूनं लोंबायचा. तसाच जन्मला होता तो. त्या पायासाठी लोक अंगणात पाणी शिंपून वाट बघायचे आमची.

"बरं, हात न्हाई तर न्हाई," गयाबाई म्हणाली. "पायाची गोष्ट तरी सांगा. ह्या पोराच्या कानावर पडू द्या."

बानं घसा साफ केला.

"लई जुनी बात हाय, ताई. आमच्यातलं एक बिऱ्हाड नदी उतरत होतं. बैलाच्या पाठीवर ओली बाळंतीण, तिच्या मांडीवर पाच दिसाचं लेकरू. बैल मधी गेला आन वरनं पाणी आलं. चारी पाय गाळात गेले. तेवढ्यात बाईच्या हातनं लेकरू निसटलं. आता बैलानं करावं काय? पाय काढावा तर तोल जातोय, बाळंतीण बुडती. न काढावा तर लेकरू जातं. बैलानं वर बघितलं. म्हणला, महादेवा, चार पाय दिलेस, चारी गुतलेत. देव म्हणला, पाचवा देतो. पण उसना हां. काम झालं की माझा मला परत. तसा वशिंडातनं पाय फुटला, त्या पायानं लेकरू झेललं, बैलानं काठ गाठला. देव पाय न्यायला आला, तर बैल दमून झोपलेला. देव म्हणला, झोपू दे बिचाऱ्याला, उद्या न्हेऊ. आता देवाला काय एकच काम असतंय? विसरला."

इथं लोक नेहमी हसायचे. मग बा आवाज खाली आणायचा आणि शेवटचं सांगायचा: "देव विसरला, बैल न्हाई विसरला. म्हणून शंभरात एखादा बैल तो पाय घेऊन जन्मतो. देवाला दाखवायला, की बाबा, तुझी वस्तू हाय माझ्यापाशी. जपून ठेवलीय."

हजार वेळा ऐकलं असंल मी, तरी या ठिकाणी माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशी आलाच नाही, कारण बानं ते सांगितलंच नाही. 'विसरला' म्हणाला आणि बैल वळवला. जाता जाता मला दिसलं, शिद्याच्या झुलीची डावी कड ओली होती. दंव वाळून गेलं होतं कधीच, ऊन चढलं होतं. आणि त्या ओल्या कडेवर माश्या होत्या. पौषात माश्या कुठून आल्या?

पालं आम्ही ओढ्याकाठी टाकली होती. बा पाणी आणायला गेला तशी मी झूल वर केली. वासानं मी दोन पावलं मागं सरले. पाय वशिंडाला जिथं चिकटलेला होता तिथं जखम होती, माझ्या मुठीएवढी. वर्षानुवर्षाचं हळदकुंकू त्यात घट्ट बसलेलं. त्याच्याखाली काहीतरी वळवळत होतं.

"आये," मी ओरडले, "हिकडं ये."

आय आली, बघितलं आणि तोंडाला पदर लावला. तेवढ्यात बा घागर घेऊन आला. आम्हा दोघींना तिथं बघून जागीच थांबला.

"किती दिस झालं?" मी विचारलं.

"झूल खाली घाल."

"किती दिस झालं, बा?"

"आठ-दहा. तंबाखू भरतोय त्यात. निंबाचा पाला वाटून लावतोय. मरत्याल किडे."

"मरत्याल? ते शिद्याला खाऊन मग मरत्याल! दवाखाना हाय ना गावात, गुरांचा?"

"डॉक्टर काय करंल? कापंल."

"मग कापू दे की!"

"तोंड सांभाळ, यल्ले. देवाचा पाय हाय."

"देवाचा हाय तर किडे कशे पडले?"

बानं घागर खाली ठेवली. मला वाटलं मारतोय. पण तो शिद्याजवळ गेला, झूल नीट केली, कड दाबून बसवली. शिद्यानं मान वळवून त्याचा खांदा चाटला.

"पाय गेला तर काय ऱ्हातं गं?" तो म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता. "बैल ऱ्हातो. बैल तर समद्यांच्या दारात हाय."

"आन शिद्या गेला तर काय ऱ्हातं? खूर?"

"गप बस!" आय माझ्यावर खेकसली. मग हळूच बाला म्हणाली, "मलाबी सांगितलं न्हाईस."

बा घागर उचलून पालात गेला. त्या दिवशी तो जेवलाही नाही, पण ते मला तेव्हा फक्त ढोंग वाटलं.

दुपारी मी गावात गेले. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर जनावर अडकवून उभं करायचा लोखंडी पायपांचा खोडा आणि एक लिंबाचं झाड. आत डॉक्टर डबा खात बसली होती. बाई होती. पायात रबरी बूट, केसांना पेन खोचलेलं. मला वाटलं होतं चष्मेवाला म्हातारा असंल.

"काय गं, काय आणलंस?"

"काय न्हाई आणलं. बैलाला किडे पडलेत. पाचव्या पायाला."

तिचा घास हातातच राहिला. "तो नंदीबैल? तुमचाय?"

मी सगळं सांगितलं. तिनं चार-पाच प्रश्न विचारले: वास कसा येतो, खातोय का, मागच्या पायांनी नीट चालतो का. मग म्हणाली, "उद्या सकाळी लस टोचायला सगळ्या गावाची गुरं येणार आहेत इथं. त्यात घेऊन ये. पण मालक पाहिजे बरोबर. त्यानं हो म्हटल्याशिवाय मी कापाकापी करणार नाही."

"आन त्यो न्हाई म्हणला तर?"

"तर मी जखम धुऊन देईन. आणि मग तुम्ही बघा तो किती दिवस टिकतो. पाठीच्या कण्याशेजारी आहे ते. आत उतरलं की बैल बसेल. बसला की उठणार नाही." डबा बंद करता करता तिनं विचारलं, "शाळेत जात नाहीस?"

"त्यानं किडे मरत्याल का?" मी म्हणलं आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बा ओढ्याकडं गेला, तशी मी शिद्याला सोडलं. कसली थंडी होती! ओढ्यावर धुकं, शिद्याच्या नाकातून चुलीसारखी वाफ निघत होती. माझ्या बोटांना कासरा धरवत नव्हता. आयनं पालातून डोकं काढून बघितलं. मला वाटलं ओरडंल. ती परत आत गेली.

दवाखान्यापुढं चाळीस-पन्नास गुरं होती. गाई, म्हशी, खोंडं, शेकोटी करून बसलेले म्हातारे. शिद्या दिसला तशी माणसं उठून नमस्कार करायला लागली. डॉक्टर आली, झूल वर केली, आणि जवळची माणसं नाक धरून मागं सरली. तिनं जखमेत चिमटा घातला. शिद्या थरथरला, पण हलला नाही. हजार माणसांचे हात लागलेला बैल तो, त्याला उभं राहायचं तेवढं माहीत.

"आजच काढायला पाहिजे," ती म्हणाली. "मालक कुठाय?"

मालक येतच होता. दोन घोंगड्या पांघरलेला बा, खांद्याला ढोल, पळत. पळताना ढोल त्याच्या पाठीवर आपटत होता आणि नुसताच धब्-धब् वाजत होता. तो आला आणि त्यानं माझ्या हातातून कासरा हिसकून घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"चला महाराज," शिद्याला म्हणाला.

"मामा, थांबा," डॉक्टर आडवी आली. "हा पाय सडलाय. काढू द्या. तासाभराचं काम आहे. बैल वाचेल."

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या हाव. पर ह्यो अवयव तुमच्या पुस्तकातला न्हाई."

"पुस्तकातला नसला तरी किडे पुस्तकातलेच आहेत."

गर्दीत कुणीतरी फिदकन हसलं. लगेच दुसरा म्हणाला, "हसू नका, पाप लागंल गावाला. गावात देवाच्या जनावराला सुरी लावायची म्हंजे काय?" तिसरा म्हणाला, "आन हितंच मेला म्हंजे पाप लागायचं न्हाई व्हय?" नातू कडेवर घेऊन गयाबाई पुढं आली होती. ती जखमेकडं बघत होती, त्यातल्या लाल कुंकवाकडं. तिचा चेहरा कसनुसा झाला. "मी लावलंय ह्यात दोन सालांमागं," ती स्वतःशीच म्हणाली.

"मामा, हो का नाही ते सांगा," डॉक्टर म्हणाली. "माझ्यापुढं पन्नास जनावरं उभी आहेत."

बा उभा होता. त्याचे ओठ हलत होते पण शब्द येत नव्हता. ज्या माणसाच्या बोलण्यावर आमचं पोट होतं, तो नुसता ओठ हलवत होता. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "सांग की! न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हण! सगळ्या गावापुढं सांग, मरू दे म्हणून!"

बानं माझ्याकडं बघितलं तेव्हा. मग वळून लोकांना म्हणाला, "माझं काय ऐकता? मी कोण? ज्याचा पाय त्याला विचारू."

लोकांना ते एकदम पटलं. गर्दी आपोआप गोल झाली. डॉक्टरनं डोक्याला हात लावला. मला तर बाचा डाव उघडा दिसला. कासरा त्याच्या हातात. बारीक हिसका देणार, शिद्या 'नाही' म्हणणार, आणि झालं. बाच्या अंगावर काहीच येणार नाही. बैलच नको म्हणला, मी काय करू.

तेवढ्यात त्यानं खांद्यावरचा ढोल काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"धर. जनावर बावरलंय. मला दोन्ही हात कासऱ्याला लागत्याल."

"पोरीच्या हातात?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हाय कोण दुसरं?" बा म्हणाला आणि शिद्याच्या पलीकडं गेला.

शिद्या आमच्या मधी होता. मला अलीकडून त्याचं तोंड, शिंगं, वाफ एवढंच दिसत होतं. बाचा फक्त आवाज येत होता. माझी बोटं गारठलेली, काडी नीट धरवत नव्हती. पण मी ठरवलं होतं. बाच्या हिसक्याच्या आधी वाजवायचं.

"शिदोबा महाराज," बानं सुरू केलं. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "ऐका. तुमच्या पाठीवर देवाची वस्तू हाय. तुमच्या बारक्यापणापास्नं आपण ती जपली. आता डॉक्टरीणबाई म्हणत्यात…"

मी काडी घासली. जोरात. गुबूऽऽ-गुबूऽऽ. प्रश्न अर्धाच होता. शिद्यानं मान खाली घातली, वर केली. परत खाली, परत वर. घुंगरमाळ वाजली.

"हो म्हणला!" गर्दी ओरडली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी वाजवतच राहिले, शिद्या मान हलवतच राहिला. शेवटी बा पलीकडून म्हणाला, "पुरे, यल्ले. ऐकलं."

मग डॉक्टरला म्हणाला, "महाराजांचा हुकूम झाला. घ्या."

खोड्यात घालून, इंजेक्शनं देऊन तिनं पाय काढला. सगळा वेळ बा शिद्याचं तोंड छातीशी धरून उभा होता. आत हाड असं नव्हतंच, नुसतं कातडं आणि कानाच्या पाळीसारखा मऊ कूर्चेचा एक तुकडा. खाली पडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. बानं तो झुलीच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळला आणि ओढ्याकाठी एकट्यानं जाऊन पुरला. कुठं, ते कुणाला सांगितलं नाही.

पालावर आल्यावर मी ढोल त्याच्यापुढं ठेवला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आता तूच वाजव."

ते तो कसं म्हणाला, ते लिहून सांगता येत नाही. चिडून नाही, हसून नाही. मी ते शिवीसारखं घेतलं. घे, तुझीच हौस होती ना, भोग आता. आणि मीही मनात म्हणलं, भोगीन. तुझ्यापेक्षा मी वेगानं वाजवलं, म्हणून तुझा बैल जिता हाय. हे मी त्याला तोंडावर कधी बोलले नाही, एवढंच.

पंधरा दिवसांनी जखम भरली. आम्ही पुढच्या गावाला गेलो. लोक जमले आणि पहिलाच प्रश्न, "पाय कुठाय?" बानं गोष्ट सुरू केली. बाळंतीण, लेकरू, गाळ, सगळं सांगितलं. 'देव विसरला' म्हणाला आणि अडकला. पुढं काय सांगणार? वशिंडावर नुसता वण होता, केस गेलेला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक बाई सूप घेऊन आत चालली. माझ्या तोंडून निघून गेलं, "देवाला आठवलं!"

बाई थांबली.

"देवाला आठवलं," मी म्हणलं. "इतक्या वर्षांनी आला. म्हणला, माझी वस्तू? शिदोबा म्हणला, ही काय, जपून ठेवलीय, घे. देवानं वण ठेवलाय बघा, पोच म्हणून."

लोकांनी त्या वणाला हात जोडले. मी शिद्याच्या गळ्याला हात लावून उभी होते आणि मला आतून उकळी फुटत होती, आपण कसं निभावलं म्हणून. गावाबाहेर आल्यावर बानं माझ्या थोबाडीत मारली.

"देवाच्या नावावर काय बी खपवायला लाज वाटली न्हाई?"

"तुला वाटली होती?" मी म्हणलं.

त्यानं दुसरी मारली नाही. पुढच्या गावात गोष्ट 'विसरला'पर्यंत आणली आणि गप्प झाला. माझ्याकडं बघेना. शिद्याच्या कपाळावरून हात फिरवत उभा राहिला. मी वाट बघितली, आणि मग उरलेलं सांगितलं. तेव्हापासून चार वर्षं तसंच चाललंय. अर्धी गोष्ट त्याची, अर्धी माझी. कासरा त्याच्याकडं, ढोल माझ्याकडं. आधीसारखं धान्य पडत नाही, आधीसारखी गर्दी होत नाही. मधी शिद्या, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. कामापुरतं बोलतो. भांडण झालं की मी शिवी देते, तो गप्प बसतो. त्याचं ते गप्प बसणं मला हरल्यासारखं वाटायचं. मला ते आवडायचंसुद्धा.

या पौषात शिद्या थकला. दात गेलेत, चालवत नाही. आम्ही एक खोंड घेतलं, चारच पायांचं, निम्मं शिकलेलं. बा खोकल्यानं बेजार, म्हणून शिकवायचं माझ्याकडं आलं. मी आयच्या हातात कासरा दिला आणि ढोल वाजवायला बसले. पेंड पुढं ठेवली. वाजवते, वाजवते, खोंड मान हलवेना. दोन दिवस झाले. माझं टाळकं सरकलं.

"आये, कासरा ओढू नकोस ना!"

"ओढते कुठं? नुसता धरलाय."

"मग मान का हलवंना?"

आयनं कासरा सोडून दिला आणि पदरानं हात पुसले. मी काडी घासली. खोंडानं मान खाली घातली, वर केली.

मी उठून स्वतः कासरा आयच्या हातात दिला, ढिला, चांगला वीतभर झोळ ठेवून. वाजवलं. खोंड कान मागं करून उभं. सोडायला लावला. वाजवलं. हललं. चार वेळा केलं असंल.

"येसणीला माणसाचा हात लागलेला जनावराला कळतो," आय म्हणाली. "हात हाय तोवर ते ढोल ऐकत न्हाई. हाताचीच वाट बघतं. 'हो' पायजे तर तुझा बा कासरा मनगटावरनं सोडून शिंगावर टाकायचा, बघितलं न्हाईस व्हय कधी?"

मी बघितलं नव्हतं. लोक म्हणतात यल्लीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. मी सूप धरून लोकांचे चेहरे बघायची, सुपात काय पडतंय ते बघायची. ढोल हाती आल्यावर मधी शिद्या आडवा. बाचा हात मी कधी बघितलाच नव्हता.

ढोल तिथंच ठेवला. बा पालाच्या तोंडाशी उन्हात बसला होता, तंबाखू तळहातावर घेऊन. शेजारी शिद्या बसलेला, डोळे मिटून रवंथ करत. वशिंडावरचा वण आता चिंचोक्याएवढा राहिलाय.

"बा."

"हं."

"त्या दिशी दवाखान्यापाशी. कासरा तुझ्या हातात नव्हता."

"कुठल्या दिशी?"

"तुला ठावं हाय."

तो अंगठ्यानं तंबाखू उलटीपालटी करत राहिला. मग खोकला आला. 

"हाताला घाम आला होता," तो म्हणाला. "निसटला."

त्या दिवशी शिद्याच्या नाकातून वाफा निघत होत्या आणि बाच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या.

मी चुन्याची डबी उघडली आणि त्याच्यापुढं धरली.